दम

सित्राच्या बाजूला, रिफायनरीच्या कुंपणाआत,
सन त्रेपन्न, जानेवारी. बाहरीनलाही थंडी पडते
हे घरी लिहिलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.
रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून रिंगण केलेलं,
दोर टगबोटीचे, डांबराचा वास मारणारे.
दिवे चार. खरा उजेड पलीकडच्या ज्वाळेचा,
रात्रंदिवस जळणाऱ्या.

सालमीन बिन फरज. आखाताचा हेवीवेट चॅम्पियन, चार वर्षं.
खजुराच्या वखारीतल्या काट्यावर वजन झालं,
दोनशे चार रत्तल.
समोर ओडवार, नॉर्वेच्या टँकरवरचा बोसन,
चोवीस वर्षांचा, उन्हानं सोललेल्या मानेचा,
ठोसा मारण्याआधी ओठांवरून जीभ फिरवणारा.

मी सालमीनच्या कोपऱ्यात. कंपाउंडर तिरोडकर, दवाखाना नंबर दोन.
तुरटी, व्हॅसलीन, बर्फाची पिशवी,
खांद्यावर टॉवेल.
तो मला डाक्तर म्हणायचा. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

आमच्याकडे पाठ मातीला लागली की निकाल.
इथं पाठ लागल्यावरही दहा आकडे उरतात.
हे मला फार उशिरा कळलं.

पूर्वी तो मोत्यांवर जायचा. बाराव्या वर्षापासून.
पायाला दगड, नाकाला चिमटा, गळ्यात टोपली,
आणि वर बोटीत दोर धरून थोरला भाऊ.
दोराला हिसका बसला तर ओढायचं.
नाही बसला तर थांबायचं,
पोटात कितीही कालवलं तरी थांबायचं.
भाऊ पुढे देवीच्या साथीत गेला.
सालमीनचा उजवा कान त्याच समुद्रानं फोडला,
म्हणून घंटा झाली की मी फळीवर मूठ आपटायचो,
ती त्याच्या तळपायांना ऐकू यायची.

कानाचं सगळ्यांना ठाऊक होतं.
डाव्या डोळ्याचं फक्त आम्हा दोघांना.
तपासणीच्या दिवशी मी दोन बोटं धरली. किती?
तीन, तो म्हणाला.
मी कागदावर लिहिलं, नजर उत्तम.

पाचव्या फेरीपर्यंत तो बरा होता, बरा म्हणजे थोर.
सहाव्यापासून बोसन डावीकडून यायला लागला.
कुणी सांगितलं त्याला? कुणी नाही. मुठीला कळतं.
आठव्यानंतर भुवई मी तुरटीनं दाबून धरली,
बोटांखाली त्याचं कपाळ इंजिनासारखं थरथरत होतं.
म्हणाला, डाक्तर, हात काढ, मला बघू दे.
काय बघणार होता!

नववी.
ठोसा मलाच दिसला, त्याला नाही.
तो पडला, फळ्यांखालचं पिंप घुमलं,
आणि पंच आकडे म्हणू लागला.
एक. दोन.
पाण्याखाली नव्वद मोजेपर्यंत राहणारा माणूस,
त्याला दहा म्हणजे काय?
तीन. चार.
त्यानं मान वळवली माझ्याकडे.
पाच.
त्या न दिसणाऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं,
किंवा मला तसं वाटलं.
मला तो हिसका वाटला.

टॉवेल हवेत उघडला तेव्हा
तो एका गुडघ्यावर आला होता.

पट्टा बोसन घेऊन गेला. टँकर तिसऱ्या दिवशी सुटला,
पट्टाही गेला, कुठल्या बंदराला कोण जाणे.

पुढची तीन वर्षं सालमीननं मला सलाम केला नाही.
मग एकदा पत्र्यानं तळहात कापून घेऊन आला,
स्टुलावर बसला. सात टाके. भुलीचं औषध नको म्हणाला.
मी दोरा ओवत होतो, सुईच्या नेढ्यात तो जाईना.
त्यानं चांगला डोळा माझ्यावर रोखला
आणि हळू आवाजात, रागानं नव्हे, विचारलं नसताना
सांगावं तसं सांगितलं,

अजून दम शिल्लक होता, डाक्तर.

मी मान खाली घालून पहिला टाका घातला.